दुपारचा सैतान, रात्रीची गोळी

इजिप्तच्या वाळवंटात राहून 399 साली वारलेल्या एव्हाग्रियस नावाच्या तपस्व्याने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती. त्यातला सर्वांत जड विचार म्हणजे ‘अकेडिया’. तो भर दुपारी गाठतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. कुणी भेटायला येतंय का म्हणून साधू पुन्हापुन्हा खिडकीबाहेर डोकावतो. खोलीचा, कामाचा, जगण्याचाच वीट येतो. इतकं ओळखीचं वर्णन मला आजच्या पुस्तकांतही क्वचितच सापडतं. फक्त एव्हाग्रियसच्या लेखी हा सैतान होता आणि त्याच्याशी झुंजायचं होतं.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोरल्या ग्रेगरींनी यादी सात पापांवर आणली. उदासी आणि अकेडिया एकाच खात्यात जमा झाली आणि पुढे लोकांच्या तोंडी उरला तो नुसता आळस. अंथरुणातून उठता येत नाही त्याला आळशी म्हणायची सोय झाली ती अशी. आमच्या वसईत आजही डिप्रेशनवर पहिला सल्ला मिळतो, ‘माळ नीट म्हण’, आणि दुसरा, ‘माहीमच्या चर्चचे नऊ बुधवार कर’. सांगणाऱ्यांची माया खोटी नसते. पण तुझी श्रद्धाच कुठेतरी कमी पडली, हे त्यात न बोलता बोललेलं असतं.

खरं तर याला उत्तर तेराव्या शतकातच मिळालं होतं. थॉमस अक्वायनस म्हणतो की दुःख ही भावना आहे आणि नुसती भावना म्हणून ती पाप नव्हे. ‘सुम्मा’ या आपल्या महाग्रंथात त्याने दुःखावर उतारे दिले आहेत: मनाला सुखावणारी एखादी गोष्ट, रडणं, मित्रांची सोबत, सत्याचं चिंतन, आणि झोप व अंघोळ. हो, अंघोळ! ईश्वरशास्त्राच्या ग्रंथात! ज्याने आठवडाभर अंघोळ टाळली आहे त्यालाच या ओळीचं मोल कळेल. बायबलमधला एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूतही त्याला आधी भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवाचं बोलणं फार नंतर येतं.

मला तारलं ते मात्र अक्वायनसच्या आशेवरच्या विचाराने. मिळायला कठीण, पण अशक्य नसलेलं असं पुढचं काही भलं, ते आशेचं लक्ष्य. आणि जे दुसऱ्याच्या मदतीने जमतं, तेही आपल्याला शक्य असलेल्यांतच मोडतं. शिवाय ईश्वरावरची आशा तो भावनांत धरत नाही. ती इच्छाशक्तीत राहणारा सद्गुण आहे. म्हणजे आशा वाटत नसतानाही ती धरता येते. मनात काडीचा उजेड नसताना रिक्षा करून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं, रात्रीची गोळी न चुकवणं, मिस्सेत शेवटच्या बाकावर नुसतं बसून राहणं, हे सगळं मी आता आशेतच मोजतो.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये हा विचार आणखी बारीक झाला. अविलाच्या तेरेजाने आपल्या मठांच्या स्थापनेवरच्या पुस्तकात विषण्ण सिस्टरांवर एक प्रकरणच लिहिलं. तिचा सूर कडक आहे, पण हा आजार आहे हे ती मान्य करते. योहान ऑफ द क्रॉसने तर आत्म्याची ‘काळोखी रात्र’ आणि शरीरातून आलेली विषण्णता वेगळी ओळखावी म्हणून खुणाच सांगून ठेवल्या. रिट्रीटला कुणी फादर उठून ‘तुझं डिप्रेशन म्हणजे काळोखी रात्रच’ म्हणतात तेव्हा म्हणून मला राग येतो. योहानने एवढ्या कष्टाने केलेला भेद ते एका वाक्यात पुसतात.

चर्चच्या कायद्याला मात्र फार उशीर लागला. 1917 च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलं होतं. 1983 च्या संहितेतून ती तरतूद गेली. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथाने स्पष्ट सांगितलं की गंभीर मानसिक विकाराने माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये. त्या ओळी येईपर्यंत किती घरांनी आपलं माणूस लाजेने पुरलं असेल!

पोप फ्रान्सिस यांनी तर आपण वयाच्या 42 व्या वर्षी मनोविश्लेषक बाईंकडे काही महिने जात होतो, हे उघड सांगितलं. 2015 साली त्यांनीच लिझ्यूच्या संत तेरेजाच्या आईवडिलांना, झेली आणि लुई मार्टिन यांना, संतपद दिलं. लुईंना 1889 पासून सुमारे तीन वर्षं कां शहरातल्या मनोरुग्णालयात ठेवलं होतं. त्यांचा आजार डिप्रेशनचा नव्हता. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा होता, भास होत, भ्रम होई. मुली एकामागून एक मठात गेल्या म्हणून म्हातारा वेडा झाला, अशी गावात कुजबुज होती आणि ती मठातल्या तेरेजाच्या कानांवरही गेली. लुई त्यातून बरे झाले नाहीत. पक्षाघाताने परावलंबी झाले आणि 1894 साली गेले. त्यांना संत ठरवताना हा आजार कुणी झाकला नाही, आणि तो आडही आला नाही.