दोघेही बरोबर

दोघांपैकी एक चूक असला की भांडण लवकर मिटतं. पंचाईत होते ती दोघेही बरोबर असले म्हणजे!

अर्धा इंची बोल्ट घ्या. व्हिटवर्थ पद्धतीत इंचाला १२ आटे, अमेरिकन पद्धतीत १३. नट पहिले एक-दोन वेढे गुण्यागोविंदाने जातो आणि मग रुसलेल्या व्याह्यासारखा अडून बसतो. भोसरीतला जुना फिटर अशा वेळी नटाला दोष देत नाही. "आटे कुठले?" एवढंच विचारतो. हा प्रश्न उपनिषदातही शोभला असता.

आमचा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यात सॉफ्टवेअर सांभाळतो. पुस्तकांसारख्या प्रोग्रॅमच्याही आवृत्त्या निघतात म्हणे. एका रात्री तिथली लाइन थांबली. एका संगणकावर नवी आवृत्ती चढली होती, दुसऱ्यावर जुनीच. नवी १० आकडी पार्ट नंबर धाडायची, जुनीला ९ आकड्यांच्या पलीकडे जग ठाऊक नव्हतं. पुतण्याने दोन्हींचे आवृत्ती-क्रमांक कागदावर शेजारी शेजारी लिहिले, नवी उतरवून पुन्हा जुनी चढवली, आणि वीस मिनिटांत लाइन सुरू! सकाळच्या बैठकीत मात्र 'चूक कुणाची?' यावर दोन तास गेले.

अमेरिकेत नाईट कॅपिटल नावाची शेअर दलाली करणारी कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिच्या ८ संगणकांपैकी ७ जणांना नवा प्रोग्रॅम मिळाला होता, आठवा राहिला होता. त्याने नव्या खुणेचा जुना अर्थ लावला आणि तो इमानेइतबारे सौदे करत सुटला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बुडाली. आता त्या आठव्याला काय म्हणून बोल लावायचा? आज्ञाधारकपणात तो श्रावणबाळाच्या तोडीचा!

मग जबाबदार कोण? माझ्या मते, बदलणारा. जुना बिचारा होता तिथेच आहे. नुसतं बरोबर असून भागत नाही. आपलं 'बरोबर' बदललं, हे शेजाऱ्याला कळवायलाही हवं.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे ६४ पैसे जाऊन १०० झाले, तेव्हा सरकारने नाण्यावर 'नया पैसा' छापलं, वर तो रुपयाचा शंभरावा भाग असल्याचंही सांगितलं. लोक सरावल्यावर, १९६४ साली, 'नया' गेला. सरकारकडून सौजन्य शिकण्याचे प्रसंग थोडेच येतात. हा एक घ्यायला हरकत नाही.