खरखरीचे दोन गुण

दिवाळी अंकासाठी एक लेख कबूल केला होता. संगीतकार एडवर्ड एल्गारच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोची दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवायची, दहापैकी गुण द्यायचे आणि नव्यानं ऐकू लागलेल्या वाचकाला सांगायचं की हे घे, ते राहू दे. एक १९३२ चं, येहुदी मेन्युहिनचं. दुसरं २००४ मध्ये आलेलं, हिलरी हानचं. वाद्यवृंद दोन्हीकडे लंडन सिम्फनीचाच. तुलनेला याहून सोयीची जोडी कुठली मिळणार? आठ दिवस हेडफोन लावून बसलो आणि वहीत दोन रकाने भरत गेलो.

मेन्युहिनच्या रकान्यात उणी फार झाली. वाद्यवृंद लांबून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जुनी ढब. आणि तिसऱ्या भागात, शेवटाकडे, कॅडेंझाच्या वेळी व्हायोलिन स्वतःशी बोलल्यासारखं हळू वाजत असताना मागे काहीतरी खरखरतं. ते मी तांबड्या शाईनं लिहिलं : ‘ऐन नाजूक जागी खरखर. दोन गुण वजा.’

लेख धाडण्याआधी सरांच्या नजरेखालून जावा म्हणून माहीमला गेलो.

सर मूळचे गोव्यातल्या सासष्टीचे. लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, घोकलं, तिथंच व्हायोलिन हातात आलं. मग मुंबई, आणि उभा जन्म सिनेमाच्या रेकॉर्डिंगला मागच्या रांगेत बसून वाजवण्यात गेला. आपली कितीतरी लाडकी गाणी ज्या गोव्याच्या वादकांच्या गजावर उभी आहेत, पण ज्यांचं नाव तबकडीवर कधी छापलं गेलं नाही, त्यांतले ते एक. मी त्यांच्याकडे चार वर्षं शिकलो. हात बसला नाही, कान मात्र त्यांनी दिला, असं मी त्या दिवसापर्यंत समजत होतो.

सरांनी वही सावकाश वाचली. तांबड्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे दोन गुण कसले कापलेस?”

“खरखरीचे, सर. जुनं मुद्रण, त्याला इलाज नाही.”

“लाव बघू.”

लावलं. सर डोळे मिटून ऐकत होते. ती जागा आली, गेली. ते काही बोलले नाहीत. उठून त्यांनी पेटीतून आपलं व्हायोलिन काढलं आणि माझ्या मांडीवर आडवं ठेवलं, गिटार धरतात तसं. गज पेटीतच राहिला.

“उजव्या हाताची तीन बोटं घे. नख लागता नये, टोकाचं मऊ मांस लागलं पाहिजे. आता चारी तारांवरून पुढं-मागं, पुढं-मागं. तार ओढू नकोस, नुसती कुरवाळ. थांबू नकोस.”

सुरुवातीला बोटं अडखळली. मग जमलं. त्या लाकडातून जो आवाज आला त्याला सूर म्हणवेना आणि गोंगाटही म्हणवेना. वाळक्या पानांवरून वारा जावा तशी सळसळ, पण आत कुठंतरी सुराचा ओलावा असलेली. घोडीजवळ साठलेली राळेची पांढरी भुकटी बोटांना लागत होती.

“आता अशी दोन-तीन डझन व्हायोलिनं, व्हायोला, चेलो मनात आण,” सर म्हणाले. “सगळी हळू. त्यांच्या वर एकटं एक व्हायोलिन. कुठं ऐकलंस हे?”

माझी बोटं थांबली.

सरांनी कपाटातून छोटा स्कोअर काढला, कडा पिवळ्या पडलेल्या. तिसऱ्या भागातलं ते पान उघडून समोर धरलं. एल्गारनं स्वतः सूचना लिहून ठेवली आहे : ही तारांची थरथर तीन किंवा चार बोटांचा मऊ भाग तारांवरून फिरवून काढायची. साधारणपणे कॅडेंझात वाद्यवृंद गप्प बसतो आणि एकटा वादक आपलं कसब दाखवतो. इथं एल्गारनं वाद्यवृंदाला गप्प बसवलं नाही. आधीच्या भागांतले सूर व्हायोलिन आठवत राहतं आणि खाली ही सळसळ चालू राहते. साऱ्या कॉन्चेर्टोमधली सर्वांत धाडसी कल्पना आहे ती. मी तिचे दोन गुण कापले होते.

“सगळं तसं नाही हां,” सर म्हणाले. “मेणाची, तबकडीची खरखर आहेच तिथं. पण दोन आवाज एकमेकांत मिसळलेत, आणि तू एकच ऐकलास. तुमच्या तंबोऱ्याच्या जवारीला परक्या माणसानं खरखर म्हटलं, तर त्याला काय म्हणशील तू?”

मी काय म्हणणार?

मग सर त्या मुद्रणाबद्दल बोलू लागले. रेकॉर्डिंगच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला तिथल्या माणसांची जी आच असते, ती त्यांच्या आवाजात होती. जुलै १९३२. ॲबी रोडचा स्टुडिओ सुरू होऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. वाद्यवृंदासमोर एल्गार स्वतः, वय पंचाहत्तर. व्हायोलिन घेऊन उभा मेन्युहिन, वय सोळा. हे जुळवून आणलं फ्रेड गैसबर्गनं. हाच गैसबर्ग १९०२ साली यंत्र घेऊन कलकत्त्याला आला होता आणि गौहर जानचा आवाज त्यानं मेणावर उतरवला होता. एल्गारचा कॉन्चेर्टो १९१० मध्ये पहिल्यांदा वाजवला तो फ्रिट्झ क्रायस्लरनं. ध्वनिमुद्रणासाठीही गैसबर्गला आधी तोच हवा होता. ते काही जमलं नाही, म्हणून हे पोर.

“जवळजवळ पन्नास मिनिटांची रचना,” सर म्हणाले, “आणि तबकडीच्या एका बाजूवर मावतात चार-साडेचार मिनिटं. तेवढं वाजवायचं, थांबायचं, पुन्हा त्याच श्वासात पुढचं उचलायचं. मेणावर घेतलेलं तिथल्या तिथं ऐकता येत नाही, ऐकलं की ते मेण फुकट जातं. एक बोट चुकलं, तर ती अख्खी बाजू पुन्हा. जोडकाम नाही. आयक, हा पोरगा कुठंच घाबरलेला नाही.”

मुद्रणाआधीची गोष्ट मेन्युहिननंच सांगितलेली आहे. तो एल्गारला वाजवून दाखवायला गेला, एकल व्हायोलिन जिथं शिरतं तिथून सुरुवात केली, आणि थोडं ऐकताच एल्गारनं त्याला थांबवलं. काही सांगायची गरज नाही म्हणाला आणि घोड्यांच्या शर्यतीला निघून गेला. हा किस्सा मी लेखाच्या सुरुवातीला घातला होता, वाचकाला गंमत वाटावी म्हणून. सरांनी तो वाचून मान हलवली. “व्हायोलिन शिकवून पोट भरलेला माणूस होता एल्गार. पोराच्या हातात काय आहे, ते कळायला त्याला थोडं ऐकणं पुरलं. तुला आठ दिवस लागले, कारण तू चुका मोजत होतास.”

मला शरम वाटली आणि शरमेच्या भरात मी पेन काढलं. “मग हानचे गुण कमी करतो, सर. सगळं जोडून, घासूनपुसून केलेलं…”

“ठेव ते पेन!” एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं होतं. “मघाशी याच्यावर अन्याय केलास, आता तिच्यावर करतोस? लाव तिचं.”

हानच्या मुद्रणात ती जागा आली. प्रत्येक तार वेगळी ऐकू येत होती, ती सळसळ खोलीभर पसरत होती आणि तिच्यावर व्हायोलिन एखाद्या माणसासारखं एकटं उभं होतं. सर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते; उजव्या हाताची तीन बोटं धोतरावर नकळत पुढं-मागं फिरत होती.

“एल्गार १९३४ मध्ये गेला,” ते शेवटी म्हणाले. “कागदावर लिहिलेलं हे इतकं स्वच्छ, घरात बसून, त्याला ऐकायला मिळालं नाही. ते या मुलीनं, त्या वाद्यवृंदानं आपल्याला ऐकवलं. हे थोडं आहे? आणि त्या पोरानं काय दिलं, तर लिहिणारा माणूस समोर उभा असतानाचा वेग, श्वास. त्या घसरत्या सुरांना तू ढब म्हणतोस. समोर उभ्या असलेल्या एल्गारनं ते ऐकलं आणि तबकडीवर जाऊ दिलं.”

रात्री घरी आल्यावर वही न घेता १९३२ चं मुद्रण लावलं. तिसरा भाग. खरखर होतीच, पाऊस पडत असल्यासारखी. पण तिच्या खालून, अगदी खालून, दुसरं काहीतरी येत होतं, तालात वाढणारं, ओसरणारं. ती माणसं होती. गज खाली ठेवून तारांवर बोटं फिरवणारी, ज्यांची नावं मला माहीत नाहीत अशी माणसं.

सकाळी संपादकांना फोन करून सांगितलं, लेख आणखी चार दिवसांनी देतो, आणि त्यात गुण नसतील. वहीतली तांबडी ओळ खोडली. तिच्याखाली तिसऱ्या भागातली ती जागा लिहिली आणि पुढं लिहिलं : ‘इथे आवाज वाढवू नका. जवळ सरका.’ बोटांच्या टोकांना राळेचा वास अजून होता.