दोन बटणांचा नियम

संध्याकाळी सहाच्या सुमारास पिंपळे सौदागरमधल्या एखाद्या टर्फवर जा. जाळीच्या खांबाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला क्यूआर कोड बांधलेला दिसतो. हिंजवडीहून सुटलेला बाप गाडी कशीबशी कडेला लावून येतो, मोबाइल समोर धरतो, पडद्यावर कुणा एका व्यक्तीचं नाव उमटतं आणि पैसे जातात. तोवर मुलगी बॅग टाकून आत पळालेली असते. माझ्या मुलीची फी मी तीन वर्षं अशीच भरली. पावती मागितली नाही. खातं संस्थेचं की प्रशिक्षक सरांचं, हे विचारलं नाही. बालेवाडीच्या स्पर्धेहून परतताना ती कोणाच्या गाडीत बसली, तेही नाही. वाईट काही घडलं नाही, कारण सर सज्जन होते. माझी दक्षता त्यात कुठेच नव्हती.

पैशांची अफरातफर हा हिशेबनिसाचा विषय आणि मुलांवरचा अत्याचार पोलिसांचा, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. माझ्या मते दोन्हींना वाट एकाच ठिकाणी मिळते: किल्ली एकाच्याच हाती असते आणि बाकीच्यांना विचारायचा संकोच वाटतो.

छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलात डिसेंबर २०२४ मध्ये २१ कोटी ५९ लाखांचा अपहार उघड झाला. आरोप आहे तो महिना १३ हजारांवर काम करणाऱ्या एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर. जुन्या लेटरहेडच्या आधारे त्याने बँकेत नोंदवलेला ईमेल बदलून घेतला, इंटरनेट बँकिंग सुरू करून घेतलं आणि जुलैपासून पैसे वळते केले, असं तपासात पुढे आलं. बातम्यांमध्ये त्याच्या महागड्या गाडीची आणि फ्लॅटचीच चर्चा झाली. मला प्रश्न पडतो तो त्या पाच महिन्यांचा. कागदावर सह्यांचा नियम होता. पण दर महिन्याला दुसऱ्या कोणी बँकेचा उतारा नीट वाचला असता, तर मुलांच्या मैदानांसाठीचा पैसा एवढा दूर गेला असता का?

मुलांच्या बाबतीत हा उतारा वाचणं अवघड असतं. खेळ शिकवायचा तर मनगट धरावं लागतं, खांदा वळवावा लागतो, पराभवानंतर मूल रडलं तर जवळ घ्यावं लागतं. आपल्याकडे तर तालमीतल्या वस्तादाच्या हाती पोराचं खाणं, झोपणं, वागणं सगळंच सोपवायची रीत. त्या जवळिकीतून खेळाडू घडतात आणि नेमका तिचाच गैरफायदाही घेतला जातो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले निघाले होते.

कायदा या बाबतीत मागे नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांत शाळा-पाळणाघरांबरोबर क्रीडा अकादमींचा नाव घेऊन उल्लेख आहे: कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिस पडताळणी ठरावीक काळाने झालीच पाहिजे. पण पडताळणीत सापडतो तो आधी पकडला गेलेला माणूस. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्याविरुद्ध मुली १९९० च्या दशकापासून सांगत होत्या. काही वेळा तर आई-वडील खोलीत असतानाच त्याने उपचाराच्या नावाखाली अत्याचार केले. २०१८ मध्ये दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात आपली कहाणी सांगितली, तेव्हा कुठे जगाने ऐकलं. म्हणजे दुसरा माणूस हजर असणं पुरेसं नाही. मुलाचं बोलणं खरं मानून ऐकणारं कोणीतरी हवं, आणि ते क्लबच्या बाहेरचं हवं. ‘आपसात मिटवू, क्लबचं नाव खराब होईल’ ही भाषा पॉक्सोला मान्य नाही. गुन्हा कळूनही तो न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: इतका संशय घेतला तर तुटपुंज्या पैशांत शिकवणारे चांगले प्रशिक्षक टिकतील का? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर दिलं पाहिजे. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्याला दोन बटणं माहीत असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. तिथे कोणी ऑपरेटरवर संशय घेत नसतो, त्याची बोटं वाचवत असतो. अनुभवी कामगाराला तो नियम अपमान वाटत नाही; बटण बांधून ठेवायला सांगणाऱ्या सुपरवायझरचीच त्याला भीती वाटते.

मैदानावरही हेच हवं. फी संस्थेच्या खात्यात, पावती प्रत्येकाला, आणि महिन्याचा उतारा नात्यात नसलेल्या दोन पालकांसमोर. सराव चारचौघांना दिसेल असा, प्रवासात दोन मोठी माणसं, मुलांना निरोप पालकही असलेल्या ग्रुपवरच. आणि मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक त्या क्यूआर कोडच्या शेजारी, मुलांच्या नजरेच्या उंचीवर. निर्दोष प्रशिक्षकावर उद्या खोटा आळ आला, तर हीच व्यवस्था त्याची साक्ष देईल.

गेल्या महिन्यात मी सरांकडे पावती मागितली. पावतीपुस्तक नव्हतंच. पुढच्या आठवड्यात त्यांनी ते छापून आणलं आणि पहिली पावती फाडताना म्हणाले, “कोणी विचारलं नाही म्हणून राहून गेलं. मलाही हिशेब लागत नव्हता.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, सुटकाच होती. तीन वर्षं मी ज्या संकोचाला सभ्यपणा समजत होतो, त्याने त्यांचंही भलं केलं नव्हतं. प्रवासाचा प्रश्न अजून बाकी आहे. पुढच्या स्पर्धेची गाडी निघण्याआधी तो विचारायचा आहे, आणि या वेळी एकट्याने नाही.