प्रश्नावली कोणाची?

ज्या सेवेवर एखाद्या माणसाचे उठणे-बसणे, जेवण, आंघोळ, औषधपाणी आणि झोप अवलंबून असते, त्या सेवेचा दर्जा ठरवण्याचे काम बहुतेक देशांत अशा अधिकाऱ्यांकडे राहिले आहे, ज्यांना ती सेवा स्वतः कधी घ्यावी लागलेली नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत तर ही व्यवस्था इतकी स्वाभाविक मानली गेली की तिच्यामागे एक गृहीतक दडलेले आहे हेही दीर्घकाळ कोणाच्या ध्यानात आले नाही. ज्याला हिशेब जमत नाही किंवा वाचता येत नाही, त्याला आपल्याशी कोण कसे वागते याचाही अदमास नसतो, असे ते गृहीतक होय. इंग्लंडमध्ये ‘क्वालिटी चेकर्स’, म्हणजे गुणवत्ता तपासनीस, या नावाने काम करणाऱ्या गटांनी त्याला व्यवहारातून उत्तर दिले. या गटांतले स्त्री-पुरुष स्वतः बौद्धिक अक्षमता असलेले आणि आधारसेवा घेणारे असतात, आणि प्रशिक्षण घेऊन ते इतरांची निवासगृहे, घरी मिळणारा आधार व दवाखाने तपासतात. त्यांच्याकडे सहसा सहभागाचा एक स्तुत्य उपक्रम म्हणून पाहिले जाते. परंतु हे पाहणे अपुरे आहे, कारण चांगली सेवा कशाला म्हणायचे हा प्रश्नच त्यांच्यामुळे नव्याने मांडावा लागला.

येथे संज्ञेचा थोडा खुलासा आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसेबिलिटी’ म्हणून जी अवस्था ओळखली जाते, ती बालपणापासून आकलन व दैनंदिन व्यवहार या दोहोंवर परिणाम करणारी आणि आयुष्यभर कमीअधिक आधार लागणारी असते. वाचन-लेखनापुरती मर्यादित असलेली, आपल्या शाळांमधून चर्चिली जाणारी अध्ययन अक्षमता ती नव्हे.

त्या देशातील तपासणीव्यवस्थेचा इतिहास बव्हंशी घोटाळ्यांनी घडवला आहे. कार्डिफच्या ईली रुग्णालयातील क्रूर वागणुकीचे आरोप १९६७ मध्ये वृत्तपत्रातून बाहेर आले, १९६९ मध्ये चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यातून दीर्घकालीन रुग्णालयांना भेटी देणारी राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली. परंतु भेटी देणारे होते ते डॉक्टर, परिचारिका आणि प्रशासक. त्यांच्या नजरेला खाटांची गर्दी, कर्मचाऱ्यांची कमतरता आणि गळकी छपरे दिसली, हे महत्त्वाचे होतेच. मात्र त्या खाटेवर वीस वर्षे झोपणाऱ्या माणसाला काय वाटते हे विचारण्याची पद्धत त्यात नव्हती. ती आली दुसऱ्या दिशेने. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९७४ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींनी ‘पीपल फर्स्ट’ या नावाखाली एकत्र येऊन आपली बाजू आपणच मांडायला सुरुवात केली, १९८४ मध्ये लंडनमध्ये त्याच नावाची संघटना स्थापन झाली, आणि आपल्याविषयीच्या बैठकांत आपण असले पाहिजे ही मागणी पुढे जाऊन आपल्याला मिळणाऱ्या सेवा आपणच तपासल्या पाहिजेत इथवर पोहोचली.

या मागणीचे वजन २०११ मध्ये एकाएकी वाढले. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या २४ खाटांच्या खाजगी रुग्णालयात कर्मचारी रुग्णांना मारतात, जमिनीवर दाबून धरतात, छळतात, हे बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने टिपून त्या वर्षीच्या मे महिन्यात दाखवले. पुढे ११ जणांना शिक्षा झाली आणि त्यांपैकी ६ जणांना तुरुंगात जावे लागले. हे रुग्णालय नोंदणीकृत होते, त्याची तपासणी होत होती, आणि तिथल्याच एका वरिष्ठ परिचारकाने ‘केअर क्वालिटी कमिशन’ या राष्ट्रीय नियामक संस्थेला आधीच कळवले असूनही त्याची वेळीच दखल घेतली गेली नव्हती. त्यानंतर या आयोगाने बौद्धिक अक्षमतेच्या सुमारे १५० रुग्णालयांची व निवासगृहांची अघोषित तपासणी हाती घेतली तेव्हा पथकांमध्ये ‘अनुभवातून आलेले तज्ज्ञ’, म्हणजे अशा सेवा घेतलेल्या व्यक्ती आणि कुटुंबीय, यांचा समावेश केला. कागद सारे व्यवस्थित आणि आत माणूस चिरडला जातो आहे, हे एकदा उघड झाल्यावर कागदापलीकडचे पाहू शकणारी नजर शोधणे यंत्रणेला भाग पडले.

ती नजर नेमके काय पाहते, हे तपासनिसांच्या प्रश्नांतून कळते. व्यावसायिक तपासणी औषधांच्या नोंदी, अग्निशमनाची साधने, कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणपत्रे आणि प्रत्येकाची लेखी देखभाल-योजना पाहते. आधारसेवा घेणारा तपासनीस विचारतो: तुझ्या खोलीची किल्ली कोणाकडे असते? आत येण्यापूर्वी दार वाजवतात का? रात्री भूक लागली तर स्वयंपाकघरात जाता येते का? फोनवर बोलताना शेजारी कोण उभे असते? तुझ्यासोबत राहायला कोण येणार हे तुला आधी विचारले होते का? दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर तुझ्याशी बोलतात, की तुझ्याबरोबर आलेल्या माणसाशी? हे प्रश्न साधे आहेत म्हणून बालिश नव्हेत. किल्लीचा प्रश्न मालकीचा आहे, दार वाजवण्याचा प्रश्न शरीराच्या खाजगीपणाचा आहे आणि फोनचा प्रश्न तक्रार करता येण्याच्या शक्यतेचा आहे. ज्याच्या स्वतःच्या दारातून वर्षानुवर्षे लोक न विचारता आत आले, त्यालाच दार ही तपासणीची बाब आहे हे सुचते. ज्ञानाचा हा प्रकार पदवीने मिळत नाही, आणि म्हणून त्याला ‘तज्ज्ञ’ हा शब्द लावणे हे सौजन्य नसून वस्तुस्थितीचे वर्णन आहे.

या पद्धतीवरचे आक्षेप मात्र गंभीर आहेत, आणि तिच्या समर्थकांनी ते उडवून लावू नयेत. पहिला आक्षेप उत्तरांच्या विश्वसनीयतेचा आहे. १९८१ मध्ये कॅरोल सिगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की ‘हो की नाही’ अशा प्रश्नांना बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक व्यक्ती प्रश्न कोणताही असो, ‘हो’ असे उत्तर देतात. संशोधनात याला होकाराचा कल म्हणतात. या निष्कर्षाचा उपयोग पुष्कळदा अशा व्यक्तींना विचारण्यात अर्थ नाही असे ठरवण्यासाठी झाला. परंतु ज्याचे जेवण, बाहेर जाणे आणि झोपण्याची वेळ दुसऱ्याच्या मर्जीवर असते, त्याने वरिष्ठ दिसणाऱ्या अनोळखी माणसाला ‘हो’ म्हणणे हे आकलनाच्या मर्यादेइतकेच आयुष्यभराच्या अनुभवाचेही फळ असू शकते. असे असेल तर दोष काही अंशी प्रश्नाच्या घडणीत आणि विचारणाऱ्याच्या स्थानात आहे, आणि तो काही अंशी दुरुस्त करता येतो. विचारणारा आपल्यासारखाच आहे, त्याच्याहीबरोबर मदतनीस आहे, त्यालाही कागद चित्रांच्या आधारानेच वाचावा लागतो, हे दिसल्यावर ‘बरोबर उत्तर’ देण्याचा दबाव हलका होण्यास वाव मिळतो; तो पूर्णतः नाहीसा होतो असा दावा करणे अतिशयोक्तीचे ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तपासनीस होणाऱ्या व्यक्ती बहुधा बोलू शकणाऱ्या, प्रवास करू शकणाऱ्या असतात. ज्यांना शब्दच नाहीत, ज्यांची अक्षमता तीव्र आणि बहुविध आहे, त्यांच्या वतीने त्यांनी कसे बोलावे? याचे पूर्ण उत्तर कोणाकडेही नाही, व्यावसायिकांकडेही नाही. तरी काही साधने हाताशी आहेत. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग विद्यापीठात १९९८ च्या सुमारास आकाराला आलेल्या ‘टॉकिंग मॅट्स’ या पद्धतीत खरखरीत पृष्ठभागाची एक चटई समोर ठेवतात, तिच्या वरच्या कडेला ‘आवडते’, ‘सांगता येत नाही’ आणि ‘आवडत नाही’ अशी तीन चित्रे लावतात, आणि मग जेवण, आंघोळ, सोबती, संगीत अशा विषयांची एकेक चित्रपट्टी त्या व्यक्तीच्या हाती देऊन ती कुठे चिकटवायची हे तिच्यावर सोडतात. पट्टी हलवता येते, मत बदलता येते, आणि शेवटी तयार झालेल्या मांडणीचे छायाचित्र हीच साक्ष होते. जिथे एवढेही शक्य नसते तिथे बसून पाहावे लागते: कर्मचारी खोलीत आल्यावर शरीर सैल पडते की आखडते, भरवणारा हात थांबतो की घाई करतो. हे पाहायला वेळ लागतो, आणि तपासणीच्या वेळापत्रकात सर्वांत आधी कात्री लागते ती वेळालाच.

तिसरी मर्यादा या पद्धतीची नसून तिला सामावून घेणाऱ्या व्यवस्थेची आहे. डरहॅम परगण्यातील व्हॉर्ल्टन हॉल या रुग्णालयात पुन्हा ‘पॅनोरामा’नेच २०१९ मध्ये छळ उघडकीस आणला, तेव्हा आयोगाने त्याला काही काळापूर्वीच ‘चांगले’ अशी श्रेणी दिलेली होती. विंटरबोर्ननंतरच्या साऱ्या सुधारणा होऊनही हे घडले. दहशत असलेल्या घरात दिवसाढवळ्या, कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत, काही तासांच्या भेटीत कोणीच बोलत नाही, मग विचारणारा कोणीही असो. शिवाय २०१६ मध्ये या अनुभवी तज्ज्ञांच्या व्यवस्थापनाचे कंत्राट बदलले तेव्हा त्यांचा तासाचा १७ पौंडांच्या घरात असलेला मोबदला जवळपास निम्म्यावर आणण्याचा घाट घातला गेला, आणि विरोध झाल्यावर काही काळापुरती माघार घ्यावी लागली. एखाद्याच्या ज्ञानाला यंत्रणा किती मान देते हे तिच्या प्रास्ताविकापेक्षा तिच्या वेतनपत्रकात अधिक स्पष्ट लिहिलेले असते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली, तेव्हा पाळीच्या दिवसांतली स्वच्छता हे कारण पुढे केले गेले. स्त्री संघटनांनी आवाज उठवला, देशभर वाद झाला, परंतु त्या वादात डॉक्टर, अधिकारी, कार्यकर्ते, पालक असे सर्व बोलले आणि त्या मुली तेवढ्या बोलल्या नाहीत. आजही निवासी संस्थेच्या तपासणीत हजेरीपत्रक, मंजूर संख्या, साठा नोंदवही आणि अनुदानाचा विनियोग पाहून शेरा लिहिला जातो. अनुदानाचा पैसा सार्वजनिक असल्यामुळे हे पाहणे आवश्यकच आहे. परंतु खोलीच्या किल्लीचा रकाना त्या नमुन्यात कुठे असावा, हे ठरवायला त्या खोलीत राहणाऱ्याला आजवर बोलावलेले नाही.

कायद्याची वाट मात्र बंद नाही. भारताने २००७ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या ३३ व्या कलमात देखरेखीच्या प्रक्रियेत दिव्यांग व्यक्तींचा पूर्ण सहभाग असावा असे म्हटले आहे; २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे ४८ वे कलम योजनांचे सामाजिक लेखापरीक्षण सरकारवर बंधनकारक करते; आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक समितीत एका दिव्यांग व्यक्तीची जागा राखलेली आहे. सामाजिक लेखापरीक्षण म्हणजे काय हे या देशाला राजस्थानातल्या मजुरांनी शिकवले: १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेच्या जनसुनवायांत हजेरीपट मोठ्याने वाचून दाखवले गेले, आणि निरक्षर माणसांनी कोणती नोंद खोटी आहे ते जागच्या जागी सांगितले, कारण कामावर कोण होते हे त्यांना ठाऊक होते. अक्षर न येणाऱ्याची साक्ष ग्राह्य धरण्याचे तत्त्व जर रोजगाराच्या बाबतीत मान्य झाले असेल, तर आपल्याच राहत्या घराविषयी बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढाने दिलेली साक्ष नाकारण्याला कोणते तत्त्व उरते, हे सांगण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर येते.

यासाठी मोठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही, मात्र काही अटींवर तडजोड करता येणार नाही. जिल्ह्यातील कार्यशाळांमध्ये जाणाऱ्या प्रौढांतून तपासनीस निवडावेत, ते ज्या संस्थेत राहतात वा जातात ती त्यांच्याकडे तपासणीस नसावी, त्यांचे मानधन आणि मदतनिसाचा खर्च तपासल्या जाणाऱ्या संस्थेकडून येऊ नये, आणि काही भेटी न कळवता, संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी व्हाव्यात. नोंदणीचे नूतनीकरण ठरवताना त्यांचा अहवाल समाजकल्याण अधिकाऱ्याच्या शेऱ्याइतकाच विचारात घ्यावा लागेल, आणि तो अमान्य केला तर कारण लेखी द्यावे लागेल. अहवालाची पहिली प्रत त्या घरात राहणाऱ्यांना, सोप्या वाक्यांत आणि चित्रांसह, मिळाली पाहिजे, आणि कोणती गोष्ट कोणत्या तारखेपर्यंत कोण बदलणार आहे हे तिच्यात नावानिशी लिहिलेले असले पाहिजे.