गिऱ्हाईक नाकारण्याचा अधिकार

दुकान आमचे, गल्ला आमचा. माल कोणास द्यावा हेही आम्हीच ठरवू, असे एखादा व्यापारी म्हणाला तर वरवर पाहता त्यात गैर काही दिसत नाही. उधारी बुडविणाऱ्यास वा मद्य पिऊन दंगा करणाऱ्यास दाराबाहेर ठेवण्याचा हक्क त्यास असलाच पाहिजे. वाद आहे तो मनुष्याने काही केलेले नसता, केवळ त्याच्या जन्माकडे पाहून त्यास परत धाडण्याविषयी.

आपल्या बडोद्याचीच गोष्ट घ्यावी. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली येथे नोकरीसाठी आले. हिंदूंच्या खाणावळी आपणांस घेणार नाहीत हे जाणून त्यांनी एका पारशी उतारगृहात पारशी नाव सांगून आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्यास त्यांना बजावण्यात आले. त्यांनी दोन मित्रांकडे विचारणा केली. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नीस विचारावे लागेल. शेवटी मुंबईच्या गाडीची वेळ होईतो ते कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, बसून राहिले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

यात नाकारणाऱ्या प्रत्येकापाशी स्वतःपुरते कारण होते. प्रत्येकाने आपले एकच दार लावले. परंतु ज्याच्यासमोर ते लागले, त्यास सारे शहर बंद झाले. स्वातंत्र्याचा हिशेब दार लावणाऱ्याच्या बाजूनेच मांडणे म्हणूनच आम्हांस अपुरे वाटते.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही अडविण्यास मनाई केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेचे आचरण दंडनीय ठरविले. तथापि कायदा दारापर्यंत पोहोचतो. सबबीपर्यंत तो कसा पोहोचणार?

पौरोहित्य हाही, दक्षिणा घेतली जाते तेथवर, एक व्यवसायच होय. (वडीलधाऱ्यांनी रागावू नये.) एखाद्या विधीवर आपली श्रद्धाच नसेल तर तो न करणे आम्ही समजू शकतो, कारण तो नकार सर्वांस सारखाच असतो. परंतु तोच विधी शेजारच्या घरी करावयाचा आणि येथे मात्र करावयाचा नाही, यास श्रद्धा कसे म्हणावे?

आमचे तीर्थरूप भिक्षुकी करतात. त्यांच्या अनुमतीनेच पुढील गोष्ट लिहीत आहोत. आम्ही शाळेत असताना एक गृहस्थ वास्तुशांतीचे विचारावयास आले. आडनाव कळताच, पंचांग न उघडताच, 'या महिन्यात एकही दिवस मोकळा नाही' असा निरोप आमच्याकरवी दारात गेला. त्या महिन्यात तीर्थरूप कित्येक दिवस घरीच बसून होते. गृहस्थ नम्रपणे म्हणाले, "बरे, मग पुढच्या महिन्यात गुरुजींना जमेल का?"

आम्ही वळून आत पाहिले. आतून काहीच उत्तर आले नाही.