प्रवेशाच्या पुढचा प्रश्न : स्वमग्न विद्यार्थी आणि उच्च शिक्षण

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे, म्हणजेच ऑटिझमचे, सविस्तर वर्णन केले ते लहान मुलांच्या निरीक्षणावरून, आणि पुढे अनेक दशके तिचा विचार मुख्यतः बालपणापुरताच होत राहिला. ही मुले मोठी होतात, त्यांच्यापैकी अनेकांना पदवीचे शिक्षण हवे असते आणि ते झेपतेही, याची दखल धोरणाने फार उशिरा घेतली. भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला स्थान दिले, परंतु त्याचा मोठा भर पालकत्वावर आणि पालकांच्या पश्चात होणाऱ्या सांभाळावर असल्यामुळे महाविद्यालयाचा प्रश्न तसाच राहिला.

दरम्यान, ब्रिटनमधील अपंग कार्यकर्त्यांनी १९७० च्या दशकात मांडलेला विचार जगभर रुजत होता : व्यक्तीच्या शारीरिक वा मानसिक वेगळेपणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तिला समाजाने उभे केलेले अडथळे अपंग करतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात हा विचार उतरला, भारताने तो करार २००७ मध्ये स्वीकारला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने स्वमग्नतेसह २१ प्रकारांना मान्यता देऊन शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या.

या जागांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित व्हावे लागते. स्वमग्नतेच्या भारतीय मोजपट्टीत ४० बाबी असून प्रत्येकीला १ ते ५ गुण दिले जातात आणि त्यांच्या बेरजेवरून टक्केवारी ठरते. प्रवेशासाठी हा आकडा उपयोगी पडतो. वर्गात काय नडते, हे मात्र त्यातून कळत नाही. प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत ‘या प्रयोगाविषयी काय सांगाल?’ असा मोघम प्रश्न आला, तर प्रयोगाची प्रत्येक पायरी अचूक जाणणारा स्वमग्न विद्यार्थीही अडू शकतो, कारण उत्तर कोठून सुरू करावे आणि कोठे थांबावे, हे परीक्षकाने गृहीत धरलेले असते. तोच प्रश्न लेखी आणि टप्प्याटप्प्याने विचारला, तर त्याचे ज्ञान प्रकट होते आणि परीक्षेचा कसही कमी होत नाही. ज्याला गोंगाट असह्य होतो, त्याच्यासाठी स्वतंत्र शांत खोलीचेही हेच प्रयोजन आहे.

अशा आवश्यक आणि संस्थेवर अवाजवी भार न टाकणाऱ्या बदलांना कायदा ‘वाजवी सोय’ मानतो आणि ती नाकारणे हा भेदभाव ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात अशी सोय व्यक्तीच्या गरजेनुसार ठरली पाहिजे आणि लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असे स्पष्ट केले. तर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात, केवळ टक्केवारीवरून अपात्र न ठरवता अभ्यासक्रम पूर्ण करण्याची त्याची क्षमता तपासावी, असे बजावले. ही दोन्ही प्रकरणे स्वमग्नतेची नव्हती, तरी त्यांतील तत्त्व स्वमग्न विद्यार्थ्यांना पूर्णपणे लागू पडते.

दयेपासून हक्कापर्यंत आलेला हा विचार आता अध्यापन आणि मूल्यमापनाच्या रोजच्या पद्धतीपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. त्यासाठी वर्षारंभीच विद्यार्थ्याशी बोलून त्याच्या गरजा लेखी नोंदवल्या जाव्यात, त्या सर्व संबंधित शिक्षकांना कळवल्या जाव्यात आणि महाविद्यालयांनी स्वमग्न विद्यार्थ्यांच्या प्रवेशसंख्येबरोबरच त्यांच्यापैकी किती जणांनी पदवी पूर्ण केली, याचाही हिशेब समाजाला द्यावा.