माळ आणि गोळी

माझ्या थोरल्या मामांची दारू दोनदा सुटली. पहिल्यांदा माळेनं, दुसऱ्यांदा गोळीनं.

माळ घातली तेव्हा मी शाळेत होतो. आषाढीला मामा पंढरपूरहून तुळशीची माळ घालून आले आणि गावानं त्यांना पुन्हा माणसांत घेतलं. माळकऱ्याला कोणी प्यायला बोलावत नाही, त्याच्यासमोर बाटली काढत नाही. पाच वर्षं मामांनी थेंबाला शिवलं नाही. मग एका नापिकीच्या साली, सोसायटीच्या तगाद्यात, एका संध्याकाळी त्यांनी माळ उतरवून देव्हाऱ्यात ठेवली आणि बाहेर पडले. पुढची सात वर्षं आम्हाला आजोळी जाणं नको वाटायचं.

दुसऱ्या वेळी मामी त्यांना तालुक्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. आधी आठवडाभर दवाखान्यात ठेवलं. हातांचा थरकाप गेला, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली, मग डायसल्फिरामची गोळी सुरू झाली. दारू सुटली, पण या खेपेला कौतुक नव्हतं. पारावर एकच बोललं जायचं, "गोळीवर आहे तो. गोळी बंद झाली की पुन्हा आहेच." माझ्या आईचं, म्हणजे मामांच्या सख्ख्या बहिणीचंही मत तेच होतं. मनानं सोडली ती खरी, औषधानं सोडली ती कसली सुटली?

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. माळसुद्धा बाहेरूनच गळ्यात पडते. तिच्यामागे विठोबाचा आधार असतो, गावाचा धाक असतो, चारचौघांची लाज असते. हा सगळा आधार घेऊन सोडलेली दारू 'मनानं सोडलेली' ठरते. मग रोज सकाळी आपण होऊन गोळी घेणाऱ्या माणसाचं मन कुठे गेलं?

ती सकाळ मी पाहिली आहे. मामी स्टीलच्या वाटीत पाणी घ्यायच्या, त्यात गोळी टाकून ती पूर्ण विरघळेपर्यंत चमचा फिरवत राहायच्या. "अहो, झालं बघा." मामा उभ्या उभ्या वाटी रिकामी करायचे आणि मामींसमोर ती उपडी धरायचे. असं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एक थेंब खाली पडायचा, तो दोघं बघायची, आणि मग घरातला दिवस सुरू व्हायचा.

दारू पोटात गेली की यकृत आधी तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. हे विषारी असतं, पण एक एन्झाइम त्याची लगेच विल्हेवाट लावतं. डायसल्फिराम त्या एन्झाइमलाच अडवतं. ही गोळी घेणाऱ्या माणसानं दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. कोपनहेगनमधले हाल्ड आणि याकोब्सेन हे दोन संशोधक जंतांवरचं औषध म्हणून डायसल्फिराम तपासत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं, नंतर दारू घेतल्यावर त्रास झाला, आणि १९४८ मध्ये दारूवरचं औषध म्हणून त्याची माहिती जगापुढे आली. शेवटच्या गोळीनंतरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो.

पण मामांना ती गोळी भीतीमुळे लागू पडली असं मला वाटत नाही. न पिणाऱ्याला वाटतं की दारू एकदा सोडायची असते. पिणाऱ्याला ती दर संध्याकाळी सोडावी लागते. एसटी स्टँडवरून घराकडे येताना, गुत्त्यावरून जाताना, ओळखीच्या माणसानं हाक मारल्यावर, घरी भांडण झाल्यावर, प्रत्येक वेळी नव्यानं सोडावी लागते. दिवसभर राबून थकलेल्या माणसानं संध्याकाळी पंधरा वेळा 'नाही' म्हणायचं, आणि सोळाव्या वेळी चुकला की सगळे म्हणणार, याचं मनच कच्चं. सकाळी सात वाजता, डोकं ताळ्यावर असताना घेतलेली गोळी हे सगळे निर्णय एकदाच घेऊन टाकते. मामांची संध्याकाळ मोकळी झाली, ती अशी.

म्हणूनच वर्तमानपत्रांतल्या त्या छोट्या जाहिराती मला सलतात: 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.' भाजीत, चहात काहीतरी मिसळा आणि गंमत बघा. अशा पुड्यांत नेमकं काय असतं ते वरून कळत नाही. त्यात डायसल्फिराम निघालं आणि नवऱ्यानं नेहमीसारखी दारू घेतली, तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. भाजीत गोळी कालवणाऱ्या बाईचा मला राग येत नाही, तिची अगतिकता मला कळते. पण नकळत दिलेली गोळी त्या माणसाच्या हातून वाटी उपडी करण्याचा मान काढून घेते, आणि उपचारात तोच तर हवा असतो.

आता नवी औषधं आहेत, त्यांची रीत वेगळी. नाल्ट्रेक्सोन माणसाला घाबरवत नाही. दारूतून मेंदूला मिळणारी गोडी ते कमी करतं. पहिला पेला पोटात जाऊनही दुसऱ्याची ओढ तेवढी लागत नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये त्याला दारूसाठी मान्यता मिळाली. अकॅम्प्रोसेट दारू सुटल्यावरची तगमग शांत करतं. जागतिक आरोग्य संघटनेनं या दोन्ही औषधांना २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. सगळ्यांनाच त्यांचा गुण येतो असं नाही, यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि गोळीसोबत बोलायला कोणीतरी माणूस लागतोच.

गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, बाबतीत मात्र गोळीवरचा अविश्वास थेट मरणापर्यंत नेतो. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं ते गर्दच्या लाटेमुळे. अनिल अवचटांच्या लेखांनी त्या लाटेची खबर आपल्या घरांपर्यंत पोचवली होती आणि 'टर्की' हा शब्द मराठी वाचकाला कळला होता: गर्द न मिळाल्यावर हाडं मोडल्यासारखी दुखणं, नाकाडोळ्यांतून धारा, जुलाब. टर्की आठ-दहा दिवसांत उतरते. घरच्यांना वाटतं, सुटला. प्रत्यक्षात तो सर्वांत धोक्याच्या वळणावर आलेला असतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि ओढ शाबूत असते. अशा वेळी त्यानं जुन्या अंदाजानं, पूर्वीइतकंच घेतलं तर श्वास बंद पडतो. केंद्रातून 'बरी होऊन' आलेली पोरं महिन्याभरात दगावतात, त्यामागचं कारण बहुतेकदा हेच असतं.

यावर ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं आहेत. न्यू यॉर्कमध्ये डोल आणि नायस्वँडर यांनी १९६५ मध्ये मेथाडोनवरचं काम प्रसिद्ध केलं. ब्युप्रेनॉर्फिन अफूच्याच कुळातलं, पण त्याचा परिणाम एका मर्यादेपुढे चढत नाही. टर्की थांबते, नशेची झिंग येत नाही, श्वास बंद पडण्याचा धोका पुष्कळ कमी राहतो. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातल्या केंद्रांवर ते रोज समोर बसवून देतात. गोळी जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत बोलायचं नाही. बाकावर एका रांगेत तोंड मिटून बसलेली माणसं मी एकदा पाहिली. एकाच्या पायाशी जेवणाचा डबा होता. तिथून तो कामावर जाणार होता.

'म्हणजे एक सोडून दुसरं धरलं' असं लोक म्हणतात. शरीराला सवय लागते, हे खरं आहे. ब्युप्रेनॉर्फिन चोरून विकलं जातं, काही जण ते टोचूनही घेतात, हेही खरं. पण व्यसन म्हणजे काय, हे तो डबा बघून ठरवावं. गर्दवर असताना त्या माणसाचा अख्खा दिवस पुढच्या पुडीभोवती फिरत होता. आता दहा मिनिटं गोळीची, बाकीचा दिवस त्याचा. ही औषधं चालू असताना या रुग्णांमधले मृत्यू निम्म्याच्या आसपास खाली येतात असं देशोदेशीचे अभ्यास सांगतात. त्यापुढे 'खरं सुटलं की नाही' ही चर्चा मला क्रूर वाटते.

महाराष्ट्रात दारूविरुद्ध बायका लढल्या, आडव्या बाटलीला, म्हणजे दारूबंदीला, मतं देऊन त्यांनी गावोगावची दुकानं बंद पाडली. ती लढाई मोठीच आहे. पण दुकान बंद झाल्यावर घरात हात थरथरत बसलेल्या माणसाचं काय करायचं, हे कोणी त्यांना सांगितलं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडली तर त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. त्या दिवसांत वणीत कोणी थरकाप शमवायच्या गोळ्यांबद्दल बोललं होतं का? केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणात दारूसाठी मदतीची गरज असलेले ५.७ कोटी लोक मोजले गेले, आणि दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळालेला आढळला.

मामांची गोळी अडीच वर्षं चालली. दुसऱ्या वर्षी, गोळी चालू असतानाच, ते पुन्हा पंढरपूरला जाऊन माळ घालून आले. गाव म्हणालं, पांडुरंगानंच सोडवली. मामी काही बोलल्या नाहीत. वाटी त्यांनी फडताळात वेगळी ठेवली होती. मामा गेले ते नऊ वर्षांनी, हृदयविकारानं. गेले तेव्हा माळ गळ्यात होती.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारचा मुलगा स्वतःहून तयार झाला. रात्रीचं भांडण झालेलं, बायको माहेरी निघालेली, आणि तो सकाळी अंघोळ करून माझ्या दारात उभा: "काका, येता का बरोबर?" डॉक्टरांनी तपासून नाल्ट्रेक्सोन लिहून दिलं. चिठ्ठी घेऊन आम्ही तीन मेडिकल फिरलो. दोघांनी नाव ऐकलं नव्हतं. तिसऱ्यानं चिठ्ठी उलटसुलट केली, पुण्याला फोन लावला आणि म्हणाला, "मागवावं लागेल. परवा या." त्या मुलानं मान हलवली. तेव्हा दुपारचे चार वाजले होते.